वस्तीतला नशेचा अड्डा : पोलीस ठाणं आणि आरोग्य केंद्र एकत्र कसं कामाला लावायचं?

गल्लीबोळ

वस्तीतून पोलीस ठाण्यात जाणारा अर्ज बहुतेक वेळा एका ओळीचा असतो : "आमच्या गल्लीतले गर्दुल्ले हटवा." पोलीस येतात, चौघांना गाडीत घालतात, दोन दिवस सामसूम. तिसऱ्या दिवशी तीच माणसं सार्वजनिक शौचालयाच्या मागे बसलेली दिसतात. गर्द (ब्राऊन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन) ओढणाऱ्याला दिवसातून तीन-चार वेळा माल लागतो. तो मिळाला नाही की काही तासांतच अंग मोडून येतं, नाकाडोळ्यांतून पाणी गळतं, पोटात मुरडा येतो. हाकलून दिल्याने हे थांबत नाही, फक्त पुढच्या गल्लीत जातं. पकडलेला किंवा नुसता दिसलेला माणूस त्याच दिवशी उपचाराच्या दारात उभा राहिला तरच गल्लीत फरक पडतो. त्यासाठी ठाणं आणि आरोग्य केंद्र यांच्यात रोजची ये-जा हवी, २६ जूनच्या अंमली पदार्थविरोधी दिनाच्या रॅलीपुरती नको.

एका ठाण्याची हद्द आणि एक आरोग्य केंद्र एवढ्यावर बसेल अशी पद्धत या धाग्यात मांडतोय. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे दुरुस्त करावं.

पहिलं काम नकाशा. वॉर्डाचा साधा नकाशा घ्या आणि दिवसाचे चार भाग करा : पहाट, दुपार, संध्याकाळ, रात्री दहानंतर. आठवडाभर फिरून प्रत्येक भागात कुठे काय पडलेलं दिसतं ते लिहा. पडलेला कचरा बरंच सांगतो. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा पन्नी खालून काळी झालेली, शेजारी जळक्या काड्या, म्हणजे गर्द ओढलं जातंय. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या दिसल्या की वाट एखाद्या औषध दुकानाकडे जाते. चिकट वास येणाऱ्या चिंध्या आणि पंक्चरच्या सोल्युशनच्या ट्यूबा म्हणजे तिथे बहुधा मुलं आहेत. सिरिंज दिसली तर आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा, कारण पुढचा प्रश्न एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सीचा असतो.

नकाशावर माणसांची नावं लिहू नका. नावं लिहिलेला कागद चार दिवसांत कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर येतो आणि त्यानंतर आरोग्यसेविकेशी कुणीही बोलत नाही. जागा आणि वेळ एवढंच पुरतं. बंद पडलेला दिवा, पडकी भिंत, कुलूप नसलेलं पंपघर यांची यादी वेगळी करून वॉर्ड ऑफिसला द्या. ते काम पोलिसांचंही नाही आणि डॉक्टरांचंही नाही, म्हणून ते नेहमी राहून जातं.

दुसरं काम बैठक. पंधरा दिवसांतून एकदा, एक तास, आरोग्य केंद्रात. ठाण्यातून निर्णय घेऊ शकेल असा एक अधिकारी आणि त्या बीटचा हवालदार, केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले समाजसेवक, औषध निरीक्षक महिन्यातून एकदा, वस्तीतल्या बचत गटाच्या दोघी आणि व्यसनातून बाहेर आलेला एखादा माणूस. हा शेवटचा माणूस बहुतेक बैठकांत नसतो. मग बैठकीत ठरलेलं कागदावर छान दिसतं आणि गल्लीत कुणी ऐकत नाही.

तिसरं काम चिठ्ठी, म्हणजे पोलिसांनी माणसाला आरोग्य केंद्रात पाठवताना हातात द्यायचा कागद. त्यावर पुढे लिहितो. आधी पोलिसांच्या बाजूने कुणीतरी लिहावं.

ठाणेअंमलदार

धागा चांगला काढलात. पोलिसांकडून काय होऊ शकतं आणि काय होऊ शकत नाही, हे आधी स्पष्ट असावं. नाहीतर पहिल्या बैठकीत "साहेब, यांना सोडून द्या ना" आणि "साहेब, यांना आत टाका ना" अशी दोन टोकं भेटतात.

१९८५ च्या एनडीपीएस (अंमली पदार्थविरोधी) कायद्यात सेवन हासुद्धा गुन्हा आहे, कलम २७. गर्द, कोकेन वगैरेंसाठी १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाकीच्यांसाठी ६ महिने किंवा १०,००० किंवा दोन्ही. हवालदाराला "समज देऊन सोडलं" असं डायरीत लिहिण्याची मुभा या कायद्यात नाही. पण ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक केलीच पाहिजे असंही नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस देता येते. म्हणजे नोटीस आणि चिठ्ठी दोन्ही एकाच वेळी हातात देता येतात. आणि ज्याच्याजवळ काही सापडलेलं नाही, जो नुसता झाडाखाली कुडकुडत बसलाय, त्याला आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवायला कुठलंच कलम आड येत नाही. असे लोक नकाशावर सगळ्यात जास्त असतात.

पोलिसांचा खरा वेळ विकणाऱ्यावर जायला हवा. विकणारे सुटतात ते बहुतेक कागदामुळे. खबर मिळाली की कलम ४२ प्रमाणे ती लिहून काढायची आणि ७२ तासांत वरिष्ठांना प्रत पाठवायची. अंगझडती असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडतीचा हक्क आहे हे त्याला सांगायचं, कलम ५०. मुद्देमालाची यादी आणि नमुने दंडाधिकाऱ्यासमोर, कलम ५२-अ. यातलं एक जरी घाईत राहिलं तरी वर्षभराने आरोपी बाहेर आणि वस्ती म्हणते "पोलीस मिळालेले आहेत". दहा सेवनाच्या केसेस करायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात एका पुडीवाल्याची केस नीट उभी राहते.

रहिवाशांसाठी : खबर देताना मत नको, तपशील द्या. "तो पोरगा विकतो" याचा उपयोग नाही. "रोज संध्याकाळी सात ते पावणेआठ, पाण्याच्या टाकीजवळ, दुचाकीवरून दोघं येतात, गिऱ्हाईक पैसे आधी देतं, पुडी विजेच्या डब्यामागून घेतं" याचा उपयोग आहे. माहिती कुणाकडून आली हे सांगायला अधिकाऱ्याला भाग पाडता येत नाही, कलम ६८. स्वतः व्हिडिओ काढायला जाऊ नका. १९३३ वरही कळवता येतं, ती अंमली पदार्थ नियंत्रण विभागाची 'मानस' हेल्पलाइन. १४४१६ ही 'टेलिमानस' आहे, मानसिक आरोग्याची. नावं सारखी असल्याने लोक सर्रास चुकतात. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६.

सिस्टर_वॉर्ड९

पोलीस कोठडीबद्दल लिहिते, कारण सगळ्यात मोठी चूक तिथे होते. रात्री अकराला माणूस आत येतो, आमची ओपीडी सकाळी नऊला उघडते. मधल्या दहा तासांत काय होऊ शकतं हे लॉकअप गार्डला माहीत असायला हवं.

दारू : शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं. फिट येण्याचा काळ साधारण १२ ते ४८ तास. ४८ ते ९६ तासांत भ्रम होऊ शकतो : भिंतीवर किडे दिसतात, वेळकाळ कळत नाही, ताप आणि नाडी वाढते. याला लोक "नाटक" म्हणतात. उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावतो. रोज पिणाऱ्याला अशा अवस्थेत नुसतं ग्लुकोज लावणं धोक्याचं, आधी थायामिन (बी-१ जीवनसत्त्व) द्यावं लागतं. हे कॅज्युअल्टीतल्या नवीन डॉक्टरांकडूनही कधीकधी राहतं.

झोपेच्या गोळ्या (अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, म्हणजे ज्याला मुंबईत "बटन" आणि मालेगावकडे "कुत्ता गोळी" म्हणतात) : अचानक बंद झाल्या की इथेही फिट येते, आणि ती दारूपेक्षा उशिराही येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी "आता बरा आहे" म्हणून निर्धास्त होऊ नये.

गर्द : टर्की (माल तुटल्यावर होणारा त्रास) ८ ते २४ तासांत सुरू, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोरात, आठवडाभरात ओसरते. धडधाकट माणसाच्या जिवाला सहसा धोका नसतो, पण उलट्या-जुलाबांनी पाणी कमी होतं. एक लिटर पाण्यात ओआरएसचं पाकीट, घोट घोट, सारखं. काविळीचा किंवा टीबीचा माणूस असेल तर वाट न बघता दवाखाना.

गार्डने आत घेतानाच पाच प्रश्न विचारून लिहून ठेवावेत : शेवटची नशा कधी? कसली? रोज किती? आधी बंद केल्यावर फिट आली होती का? सुई घेतो का? उत्तरं पुराव्यासाठी नाहीत, तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी आहेत, हे त्या माणसाला आधी सांगावं. नाहीतर तो खोटं बोलणार आणि ते साहजिक आहे. अटकेनंतरची वैद्यकीय तपासणी कायद्याने आहेच, आणि कोठडीत दर ४८ तासांनी तपासणी हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात १९९६ सालीच घालून दिलेलं आहे. तपासणीच्या अर्जावर "रोज दारू पितो, शेवटची काल दुपारी" एवढी एक ओळ असली तरी डॉक्टरची नजर बदलते. कोऱ्या अर्जावर "फिट फॉर कस्टडी" असा शिक्का पडतो आणि माणूस परत कोठडीत जातो.

आणि सुटून आलेला माणूस. तुरुंगात किंवा केंद्रात महिना-दोन महिने राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर आल्यावर तो पूर्वीइतकंच घेतो आणि श्वास थांबतो. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे यासाठी सगळ्यात वाईट. कोण कधी सुटणार हे पोलिसांना आधी कळतं. त्याच दिवशी त्याला ओपीडीत आणलं तर बरंच टळतं.

मोहल्लासभा

सिस्टर, श्वास थांबला तर वस्तीतल्या माणसाने नेमकं काय करायचं? बहुतेक जण घाबरून पळतात. "आपल्यावरच केस होईल" ही भीती असते.

सिस्टर_वॉर्ड९

हाक मारून, खांदा हलवून, छातीच्या हाडावर मुठीने घासून जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठ-दहापेक्षा कमी किंवा घुरघुरत असेल, ओठ-नखं निळी आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या असतील, तर गर्द किंवा तत्सम औषधाचा अतिडोस समजा. १०८ ला फोन. "बेशुद्ध आहे, श्वास नीट नाही" एवढंच सांगा, नशेची चर्चा फोनवर नको. तोंडात काही असेल तर काढा, मान मागे करून तोंडाने श्वास द्या, दर पाच सेकंदांना एक. श्वास सुरू असेल तर कुशीवर झोपवा. मिठाचं पाणी, दूध, लिंबू काही पाजू नका, फुप्फुसात जातं. थंड पाण्याच्या बादल्या ओतण्यात मोलाची मिनिटं जातात.

उतारा नॅलोक्सोन. ०.४ मिलीग्रॅमची ॲम्प्युल, दंडात किंवा मांडीत, दोन-तीन मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा. हे शिकलेल्या माणसाने द्यायचं. त्याचा परिणाम साधारण अर्धा ते दीड तास टिकतो, गर्दचा त्याहून जास्त. म्हणजे उठून बसलेला माणूस तासाभराने परत बेशुद्ध होऊ शकतो. त्याला घरी सोडू नका, किमान काही तास दवाखान्यात. आरोग्य केंद्रात साठा आहे का, किती ॲम्प्युल, मुदत कधीपर्यंत, हे पहिल्याच बैठकीत विचारा.

पोलिसांना विनंती : १०८ च्या मागोमाग जाऊन हॉस्पिटलच्या दारात जबाब घेऊ नका. एकदा असं झालं की पुढच्या वेळी फोन येत नाही, प्रेत सापडतं.

कायदाकोपरा

कलम ६४-अ चा उल्लेख अजून कसा आला नाही? या सगळ्या भागीदारीचा कायदेशीर पाया तोच आहे. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिच्यावर त्या आरोपाचा खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. कलम ३९ वेगळं आहे. तिथे दोषी ठरल्यावर, संमती असेल तर, शिक्षेऐवजी बंधपत्रावर उपचारासाठी सोडता येतं.

ही तरतूद कागदावर राहते त्याची कारणं साधी आहेत. केसपेपर हरवतो. ज्या केंद्रात भरती केलं ते मान्यताप्राप्तच नसतं. वकील पहिल्या तारखेला मुद्दा घेत नाही. त्यामुळे नोंदणीचा कागद, भरती व डिस्चार्जची चिठ्ठी, पुढच्या भेटींच्या तारखा या तिन्हींच्या प्रती घरी एका पाकिटात हव्यात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, १५१००.

अल्प मात्रा किती : गर्द ५ ग्रॅम, चरस १०० ग्रॅम, गांजा १ किलो, कोकेन २ ग्रॅम, मेफेड्रोन म्हणजे एमडी २ ग्रॅम. गर्द कधीच शुद्ध नसतं, आणि २०२० च्या हिरा सिंग निकालानंतर भेसळीसकट पूर्ण वजन धरलं जातं. स्वतःपुरती पुडी घेणाराही त्यामुळे कधीकधी अल्प मात्रेची मर्यादा ओलांडतो.

दुसरं, खासगी "व्यसनमुक्ती केंद्र". २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक विकार येतात, म्हणून भरती करणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. साखळीने बांधण्यावर कलम ९५ खाली सरळ बंदी आहे. रात्री गाडी पाठवून चौघांकडून उचलून नेणारी केंद्रं असतात, आणि कंटाळलेलं घर ते पत्करतं. पोलिसांनी अशा गाडीला सोबत देऊ नये. रुग्ण निर्णय घ्यायच्या अवस्थेतच नसेल तर कलम ८९ खाली आधारासह भरती होते, जास्तीत जास्त ३० दिवस, दोन तज्ज्ञांच्या तपासणीनंतर.

औषधांचं_दुकान

गोळ्यांबद्दल. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, कोडीन, ट्रामाडोल ही अनुसूची एच-१ मध्ये आहेत. १ मार्च २०१४ पासून दुकानदाराला वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं : डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, नग. तीन वर्षं जपायचं. ट्रामाडोल २०१८ पासून एनडीपीएस खालीही आलं.

गैरव्यवहार रजिस्टरमध्ये उघड दिसत नाही, दोन आकड्यांत दिसतो. घाऊक विक्रेत्याकडून त्या दुकानाने महिन्यात किती पट्ट्या उचलल्या आणि रजिस्टरमध्ये किती गेल्या. शंभर घरांच्या वस्तीत महिन्याला चारशे पट्ट्या जात असतील तर प्रिस्क्रिप्शनं आपोआप संशयाची होतात. एकाच डॉक्टरच्या नावावर सलग नोंदी, एकाच शाईत, हीसुद्धा खूण आहे. पण हा तपास औषध निरीक्षकाचा. पोलिसांनी एकट्याने दुकानात शिरून खोकी उचलली की परवान्याची कारवाई आणि फौजदारी केस दोन्ही लंगड्या होतात. दोघांनी मिळून जावं.

आणि ज्या दिवशी असं दुकान बंद होईल त्या दिवशी आरोग्य केंद्राला सकाळीच सांगा. गोळ्या अचानक तुटलेले दहा-पंधरा लोक दोन दिवसांत फिट येऊन पडणार आहेत. सिस्टरांनी वर लिहिलंय तेच.

गल्लीबोळ

हे फार महत्त्वाचं. गर्दच्या छाप्यालाही तेच लागू आहे. माल तुटला की काही जण ओढण्याऐवजी सुईकडे वळतात, कारण कमी मालात भागतं. छापा गुप्त ठेवायलाच हवा, पण छाप्याच्या दुसऱ्या सकाळी केंद्रात एक जादा माणूस आणि औषधाचा साठा हवा, एवढा निरोप वैद्यकीय अधिकाऱ्याला छापा संपताच देता येतो.

आता चिठ्ठी. व्हिजिटिंग कार्डाएवढी, दोन भागांत फाटणारी. वरच्या भागावर एवढंच :

"क्र. ४७. आरोग्य केंद्र, पहिला मजला, खोली ६. सोम ते शनि, सकाळी ९ ते १२. रांगेत न थांबता ही चिठ्ठी दाखवा. पैसे लागत नाहीत."

पोलिसांचा शिक्का नाही, नाव नाही, "व्यसन" हा शब्द नाही. खालच्या भागावर तोच क्रमांक आणि तारीख, तो हवालदाराकडे राहतो. शनिवारी केंद्र फक्त पोचलेले क्रमांक सांगतं. ४७ पोचला, ४८ नाही. कोण, कसला, काय उपचार, हे पोलिसांना कळत नाही आणि कळायची गरजही नाही. मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारकच आहे. ज्या केंद्रात हवालदार रजिस्टर उघडून बघतो तिथली गर्दी महिन्यात ओसरते.

नुसती चिठ्ठी देऊन मात्र फार थोडे पोचतात. टर्कीतला माणूस पत्ता शोधत बसत नाही. सोबत कुणीतरी लागतं, म्हणूनच व्यसनातून बाहेर आलेल्या कार्यकर्त्याला मानधन हवं. सकाळी साडेआठला तो ठाण्याच्या बाहेर (आत नाही) उभा राहील, रात्री नोटीस दिलेल्यांना घेऊन चालत केंद्रात जाईल.

दूरदेशी

अमेरिकेत सिॲटलला २०११ मध्ये 'लीड' नावाने अशीच पद्धत सुरू झाली. किरकोळ ड्रग्जच्या प्रकरणात पोलीस माणसाला तुरुंगाऐवजी थेट समाजकार्यकर्त्याच्या हवाली करतात. तिथेही पोलिसाला अटकेशिवाय, नुसत्या ओळखीवरून माणूस सोपवता येतो. वर ठाणेअंमलदारांनी झाडाखालच्या माणसाबद्दल म्हटलं ते हेच. मात्र तिथे त्या माणसाला घर, कागदपत्रं, काम यांसाठीही मदत होते. आपल्याकडे आधार कार्ड नाही म्हणून परत पाठवलेला माणूस पुन्हा येत नाही.

सिस्टर_वॉर्ड९

गर्दवाल्यांसाठी ब्युप्रेनॉर्फिनचं (टर्की आवरून गर्दपासून दूर ठेवणाऱ्या गोळीचं) केंद्र जवळ असेल (एड्स नियंत्रणाच्या ओएसटी केंद्रात मिळतं) तर त्याभोवती पोलिसांनी सापळा लावू नये, ही अट पहिल्या बैठकीत लिहून घ्या. गोळी जिभेखाली, समोर बसून, विरघळायला पाच-दहा मिनिटं, रोज. दारात गणवेश दिसला की तो दिवस चुकतो, सलग काही दिवस चुकले की माणूस गर्दवर परत. पहिला डोस टर्की नीट सुरू झाल्यावरच, शेवटच्या गर्दनंतर किमान ८ ते १२ तासांनी. त्याआधी दिला तर औषधच टर्की ओढून आणतं, आणि मग "त्या गोळीने मेलो" ही बातमी अर्ध्या वस्तीत फिरते.

एमडीला असा उतारा नाही. दोन-तीन दिवस न झोपलेला, घामाने निथळणारा, संशयाने पछाडलेला तरुण पोलिसांच्या हाती येतो तेव्हा त्याला पालथा दाबून धरणं जिवावर बेतू शकतं. अंग तापलेलं असेल तर कपडे सैल करा, ओलं फडकं, पंखा, अंधारी शांत खोली, आणि लगेच हॉस्पिटल. आणखी एक, बाजारातल्या साध्या लघवी तपासणी पट्ट्यांवर एमडी बहुतेक दिसत नाही. "टेस्ट निगेटिव्ह" म्हणून पालक निश्चिंत होतात, तसं होऊ नका.

बालमित्र

मुलांचं वेगळं मांडतो. व्हाइटनर, थिनर, सोल्युशन हुंगणारं मूल दिसलं तर त्याच्या मागे धावू नका. ही द्रव्यं हृदयाला इतकी हळवी करतात की घाबरून पळताना ठोका बिघडून मूल जागीच जाऊ शकतं. गणवेशातल्या माणसाने तर मुळीच नाही. खाली बसून बोला, पाणी आणि खायला द्या, हातातली चिंधी हिसकू नका, वारा लागेल अशा जागी आणा. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन. अशा मुलावर आरोपीसारखी कारवाई करायची नाही, काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल म्हणून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यायचं. ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, साध्या वेशात त्यानेच यावं.

कारवाईची धार विकणाऱ्यावर हवी. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७ : मुलाला नशेचा पदार्थ दिला तर ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. मुलाकडून पुड्या वाहून घेणाऱ्याला कलम ७८. ही कलमं वापरली जात नाहीत, पानटपरीवर दोनशेची पावती फाडून सोडलं जातं.

शाळेत पोलिसांनी पुड्यांचं प्रदर्शन मांडून भीतीचं भाषण देणं थांबवावं. मुलांना त्यातून पुडी कशी दिसते, नशा कशी घेतात एवढंच लक्षात राहतं.

वैनगंगा

सगळे गर्द आणि एमडीवर बोलताय. वस्तीतली सर्वांत मोठी नशा दारू आहे. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय अहवालात १० ते ७५ वयातले १४.६ टक्के लोक दारू पिणारे आणि २.१ टक्के अफूवर्गीय पदार्थ घेणारे आढळले. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलातरी उपचार मिळालेला होता.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. नुसत्या बंदीने दारू जात नाही हे दिसल्यावर २०१६ पासून 'मुक्तिपथ' सुरू झालं, शासन आणि 'सर्च' ही संस्था यांचं. त्यात शिकण्यासारखं हे, की गावातली संघटना, पोलिसांची कारवाई आणि उपचार ही तिन्ही एकत्र चालतात. गाव ठराव करतं, विक्रेत्याला आधी गावच नोटीस देतं, न ऐकल्यास पोलीस येतात, आणि पिणाऱ्यासाठी तालुक्याला क्लिनिक आणि गावात शिबिर असतं. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली.

शहरी वॉर्डात दुकान बंद करायचं तर वाट वेगळी : २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या, मग गुप्त मतदान, उभी बाटली (दुकान चालू) की आडवी बाटली (दुकान बंद). एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त आडव्या बाटलीला लागतात, झालेल्या मतांपैकी नव्हे. इथेच मोहिमा हरतात. मतदान कामाच्या दिवशी लागलं आणि धुणीभांडी करणाऱ्या बायकांना सुट्टी मिळाली नाही की घरी राहिलेलं प्रत्येक मत उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्यासारखं होतं. यादीतल्या लग्न होऊन गेलेल्या आणि वारलेल्या बायकांची नावं सह्या गोळा करण्याआधीच वगळून घ्या.

ठाणेअंमलदार

झडतीबद्दल राहिलं होतं. खिशात थेट हात घालू नका, "सुई, ब्लेड आहे का" असं आधी विचारा, त्यालाच खिसे उलटे करायला सांगा. टोचलंच तर जखम दाबून रक्त काढत बसू नका, तोंडात घालू नका, साबण-पाण्याने धुवा आणि सरळ सरकारी रुग्णालयात. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर उपयोग नाही, कोर्स २८ दिवस. रात्री कुठल्या रुग्णालयात मिळतात तो पत्ता ठाण्याच्या भिंतीवर हवा. आणि सुया वाटणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्याला अडवू नका, २०१७ च्या एचआयव्ही कायद्याचं कलम २२ त्या कामाला संरक्षण देतं. त्याच्या पिशवीतल्या सुया हा मुद्देमाल नव्हे.

मोहल्लासभा

अधिकारी बदलला की सगळं बंद पडतं, त्याचं काय?

ठाणेअंमलदार

बंद पडतंच, कारण ते तोंडी असतं. पहिल्या तीन बैठकांची इतिवृत्तं जिल्हाधिकाऱ्यांच्या एनकॉर्ड (अंमली पदार्थविरोधी समन्वय) समितीकडे पाठवा. एकदा तिथल्या विषयपत्रिकेवर आलं की नवीन साहेबांना पहिल्याच आठवड्यात त्याचं उत्तर द्यावं लागतं. गणपती आणि निवडणुकीच्या बंदोबस्तात बैठक रद्द न करता बीट हवालदाराने एकट्याने जावं. त्याची बदली साहेबांइतक्या लवकर होत नाही आणि वस्ती त्यालाच ओळखते.

गल्लीबोळ

इतिवृत्तात आकडे कुठले लिहायचे तेही सांगून ठेवतो. "इतक्या जणांवर कारवाई" हा आकडा वर गेला की सेवनाच्या केसेस वाढतात, कारण त्या सोप्या आहेत. त्याऐवजी चिठ्ठ्या किती दिल्या, त्याच दिवशी किती पोचले, ३० व्या आणि ९० व्या दिवशी किती येत होते, केसेसपैकी विकणाऱ्यांवर किती, नॅलोक्सोन किती वेळा वापरलं, औषधाचा साठा किती दिवस संपलेला होता. शेवटचा आकडा कुणालाच लिहायला आवडत नाही. तो पहिल्या ओळीत घ्या, कारण साठा नसलेल्या आठवड्यात हवालदाराने पाठवलेली माणसं रिकाम्या हाताने परत जातात आणि पुढच्या आठवड्यात तो चिठ्ठी फाडतच नाही.